एकसष्ट नावं कुठं गेली?

१

उंबरवाडीच्या समाजमंदिरापुढं रुपा मेंगाळनं ऑपरेशनची यादी वाचायला घेतली आणि शेवटच्या पानावर ती थांबली. पानं उलटीसुलटी केली, मागं आली, बोटानं एकेक ओळ चाचपली. समोर वाडीतली अकरा म्हातारी माणसं रांगेनं बसली होती. सगळ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

"काय गो, माझं नाव आलं का?" काशीनं विचारलं. काशीला माणूस कळायचा तो आवाजावरून. दोन वर्षांपासून डोळ्यांपुढं नुसतं पांढरं धुकं होतं.

"अजून नाय, काशीमाय."

"मग बुधूचं?"

"त्याचंबी नाय."

रुपाच्या शेजारी दगडावर धाकलू विशे बसले होते. तालुक्यात त्यांना सगळे तात्या म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी खर्डी आणि आटगावकडच्या वाड्यांत पायी टपाल वाटलं होतं. 'वडाच्या झाडाखालचा मंगळू' एवढ्याच पत्त्यावर आलेलं पत्रही त्यांनी बरोबर माणसाच्या हातात दिलेलं होतं. निवृत्त झाल्यावर शहापूरच्या नेत्रसेवा मंडळानं त्यांना बोलावून घेतलं, कारण मंडळातल्या कुणालाच वाड्यांच्या वाटा माहीत नव्हत्या. तात्यांनी रुपाच्या हातातली यादी घेतली, चष्मा वर केला आणि स्वतः वाचली. अकरापैकी एकाचंही नाव यादीत नव्हतं.

"शुक्रवारी बस येतेय ना?" बुधूनं विचारलं.

रुपानं तात्यांकडं पाहिलं. जानेवारीत तीच घरोघर फिरली होती, तिनंच फॉर्म भरले होते, अंगठे घेतले होते आणि "तुमचं नाव लागंल, मी सांगते ना" असं छातीठोक सांगितलं होतं. ती ह्याच डोंगरातली, पलीकडच्या वाडीची. बारावी झालेली, जेमतेम वीस वर्षांची. तिच्या शब्दावर ही माणसं ऑपरेशनला तयार झाली होती, नाहीतर दवाखान्याचं नाव काढलं की रानात पळणारी ही मंडळी.

तात्याच शेवटी बोलले. "येते. बस येते. मी बघतो."

बोलून बसले, आणि यादी खिशात घालून रुपाबरोबर डोंगर उतरले.

२

फेब्रुवारी दोन हजार नऊचा तो मंगळवार. शहापुरात पोचेपर्यंत दुपार टळली होती. मंडळाच्या कचेरीत मोजदाद झाली. फॉर्म दोनशे चौदा. छापलेल्या यादीत नावं एकशे त्रेपन्न. म्हणजे एकसष्ट माणसं हवेत विरली होती.

मंडळाचे सचिव ज्ञानेश्वर धानके तापट म्हणून प्रसिद्ध, पण मनानं वाईट नव्हते. "आकडा कमी दिसला तेव्हा मला वाटलं दुबार नावं गळली असतील," ते म्हणाले. "दरवेळी थोडी गळतातच. पण एकसष्ट? ह्या मुलीनं भरलीच नसणार कॉम्प्युटरमध्ये. कंटाळा केला आणि आता तोंड वर करून आली!"

"मी सगळी भरलीत, साहेब."

"हातानं लिहून टाका की मग वरून," तात्या म्हणाले.

"तेच तर करता येत नाही ना!" ज्ञानेश्वर उसळले. मागच्या वर्षी कुणी कुणी आपले काका, आपल्या माम्या हातानं यादीत घुसवल्या होत्या आणि हॉस्पिटलच्या दारात हाणामारी व्हायची वेळ आली होती. तेव्हापासून हॉस्पिटलचा नियम होता. यादी मंडळाच्या प्रोग्राममधून छापलेलीच हवी, तीही फॉर्मशी तंतोतंत जुळणारी. हातानं लिहिलेलं एक अक्षर दिसलं तरी अख्खी यादी परत. "उद्या चारला यादी जायला हवी. एकशे त्रेपन्न तर एकशे त्रेपन्न. उरलेल्यांचं पुढच्या वर्षी बघू. आणि रुपा, उद्यापासून तू येऊ नकोस."

रुपानं मान खाली घातली. रडली मात्र नाही.

पुढच्या वर्षी! काशी सत्तरीच्या पुढची, बुधूला रात्रंदिवस खोकला. आणि एकदा शब्द खोटा ठरला की त्या अकरांतलं एकही माणूस पुन्हा रुपाला दारात उभं करणार नव्हतं. तात्यांना हे सगळं एका क्षणात दिसलं.

"ज्ञानेश्वर, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नको," ते म्हणाले. "उद्या चारपर्यंतचा टाइम मला दे. नावं काय उडून जायत नाय. कुठंतरी अडकलीत. मी शोधतो."

"तुम्ही? तात्या, तुम्हाला कॉम्प्युटर चालू करता येतो का?"

"नाय येत. पण हरवलेला माणूस सापडवता येतो."

३

बुधवारी सकाळी सातालाच तात्यांनी त्या एकसष्ट माणसांचे कागदी फॉर्म कचेरीच्या टेबलावर पसरले. पोस्टात टपाल वेगळं करायचे तसे गाववार गठ्ठे केले. रुपाला त्यांनी निरोप धाडून बोलावलं होतं. काढून टाकलेली पोर, तरी आली.

आधी तिनं कॉम्प्युटरवर आपली नोंदीची शीट उघडून दाखवली. दोनशे चौदा ओळी. काशी होती, बुधू होता, सगळे होते. म्हणजे भरण्यात कसूर नव्हती. शीटमध्ये असलेली नावं छापताना गळत होती.

ज्ञानेश्वर आले, त्यांनीही पाहिलं, आणि त्यांचा संशय लगेच दुसरीकडे वळला. "मग कुणीतरी मुद्दाम काढली. सगळी डोंगरवाड्यांची नावं आहेत. आमच्या गावाकडच्या माणसांना आधी जागा मिळावी म्हणून कुणीतरी ही भानगड केली असणार."

"सगळी?" तात्यांनी एक बारका गठ्ठा उचलला. "सत्तावन्न नावं वाड्यांची. आणि ही चार आटगावची, शेतकऱ्यांच्या घरातली. ह्यो वरचा फॉर्म वाच."

ज्ञानेश्वरनी वाचला आणि ते खुर्चीत बसलेच. फॉर्म कोंडू पष्टे यांचा होता. त्यांचे सख्खे मामा.

"मामाचं नाव गेलंय? आणि मला पत्ताच नाही!"

"तुला पत्ता नाय, म्हणजे तू काढलं नाय. एक संशयित कमी झाला," तात्या हसले. "आता बघ, ह्या एकसष्टांत सारखं काय हाय. गाव सारखं नाय. जात सारखी नाय. बाई-बाप्या दोन्ही हायेत. रुपा, तू सांग."

रुपा बराच वेळ फॉर्म चाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "जन्मतारीख. सगळ्यांची रिकामी हाय."

खरंच होतं. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाची जन्मतारीख म्हणजे एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. अर्धा तालुका एक जूनला जन्मलेला आहे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण ज्यांनी शाळेचं तोंडच पाहिलं नाही त्यांना एक जूनही मिळाली नव्हती. इतर फॉर्म भरणाऱ्यांनी अशा वेळी आपल्या मनानं एक जून लिहून टाकली होती. रुपानं मात्र रकाना मोकळा सोडला होता. आटगावचे चार फॉर्मही तिनंच भरलेले.

"अगं, टाकायची होतीस ना एक जून!" ज्ञानेश्वर ओरडले. "आता टाक. विषय मिटला."

"फॉर्मवर अंगठे झालेत, साहेब. फॉर्म कोरा आणि यादीत एक जून, मग हॉस्पिटल परत नाय का पाठवणार? आणि काशीमायला तारीख ठाऊक नाय, तर मी कुठून आणू? खोटं कसं लिवू?"

तात्यांना त्या पोरीचा अभिमान वाटला. त्यांनी तो बोलूनही दाखवला, कारण असल्या गोष्टी मनात ठेवण्यात काही अर्थ नसतो. पण तेवढ्यात रुपानं कपाटातून डिसेंबरात झालेल्या पहिल्या शिबिराची यादी काढली आणि सगळेच चक्रावले.

डिसेंबरात तेवीस जणांच्या जन्मतारखा कोऱ्या होत्या. ते तेवीसच्या तेवीस यादीत होते.

४

डिसेंबरात ज्याला सगळं दिसत होतं, तोच प्रोग्राम फेब्रुवारीत कोऱ्या रकान्यापुढं आंधळा कसा झाला?

प्रोग्रामची मालकीण म्हणायची तर रेश्मा देसले. मुरबाडची, ठाण्याला एका कंपनीत जावा ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत काम करणारी. मंडळासाठी सुटीच्या दिवशी फुकट राबायची. आज रजा टाकून आली होती. तिच्या हाताखाली जैतू खंडवी. तो शहापूरच्या कॉलेजात शिकून इथंच मंडळात लागलेला.

"तात्या, दिवाळीपासून मी एक ओळ बदललेली नाही," रेश्मानं सांगितलं. "काल फोन आल्यावर कोडच्या प्रत्येक फाइलची तारीख तपासली. नोंदी वाचणारा भाग माझा, तो तसाच. छापणारा भाग जैतूचा, तोही तसाच. दुबार नावं पकडणारा भाग निमसे सरांचा, त्याला तर दोन वर्षांत कुणी हात लावलेला नाही."

अनंता निमसे सर म्हणजे ह्या दोघांचे गुरू. मंडळाला कॉम्प्युटरचं वेड लावणारे तेच. आता थकले होते, मुरबाडला घरीच असायचे.

"मग डिसेंबर आणि आता ह्यात काय झालं?"

"सव्वीस जानेवारीला नवा कॉम्प्युटर आला. जुना बंदच पडला होता. जैतूनं सगळं नव्यावर टाकून प्रोग्राम पुन्हा बिल्ड केला. बिल्ड म्हणजे सुट्या भागांची जोडणी."

"सापडला चोर!" ज्ञानेश्वर म्हणाले. "नवा कॉम्प्युटर!"

"मलाही तेच वाटलं होतं," रेश्मा म्हणाली. "म्हणून काल जैतूकडून सगळा प्रोजेक्ट मागवून घेतला आणि घरच्या कॉम्प्युटरवर बिल्ड केला. तिथंही एकशे त्रेपन्नच आले."

म्हणजे यंत्र निर्दोष. कोड तोच, शीट बरोबर, माणसं प्रामाणिक. तात्यांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून गेले होते.

"जैतूला बोलवा," ते म्हणाले. "आणि बाकीचे जरा भाईर जा."

५

जैतू आला तो आधीच घाबरलेला. कपाळावर घाम, हात मागं बांधलेले.

"तात्या, मी काय बी बदललं नाय. आईशपथ."

"मी कुठं ईचारलं, काय बदललं म्हणून?" तात्यांनी त्याला बसवलं, चहा पुढं केला. माणसाला 'तू काय चुकवलंस' असं विचारलं की तो काहीच सांगत नाही, हे ते टपालाच्या थैलीइतकंच चांगलं ओळखून होते. "तुझा सव्वीस जानेवारीचा दिवस कसा गेला ते मला सांग. सकाळपासून. ओळीनं."

जैतूच्या जिवात जीव आला. त्या दिवसाची आठवण गोड होती. "सकाळी झेंडावंदन झालं. मग नव्या कॉम्प्युटरची पूजा. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सरांना मुरबाडहून गाडी करून आणलं होतं. आमी त्यांचा सत्कार केला. शाल दिली. सर हायेत म्हणून आमी हावोत, तात्या. मी वाडीतला पोर, मला माऊस धरायला त्यांनी शिकवलं."

"मग?"

"मग फळ्यावर सगळ्यांची नावं लिवली. मंडळाच्या निमंत्रणावर पण. सरांचं नाव सगळीकडं पहिलं घेतलं. मान त्यांचाच. मग बिल्डची वेळ आली, तर सरांनीच एंटर दाबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले."

"एंटर सरांनी दाबला?"

जैतूचा चेहरा एकदम उतरला. "तात्या, सरांचं नाव यात घेऊ नका. सर असलं काय करणार नाय. हवं तर माझं नाव लावा."

तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला पाठवून दिलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. पण तो जे बोलला त्यातला एक शब्द तात्यांच्या डोक्यात घोळत राहिला. तो शब्द होता 'सगळीकडं'.

सगळीकडं म्हणजे नक्की कुठं कुठं?

६

"रेश्मा," तिला आत बोलावून तात्या म्हणाले, "तुझ्या प्रोग्रामात माणसांची नावं कुठं असतात का?"

"माणसांची नाही. भागांची असतात. एका फाइलीत मी लिहून ठेवते, की ह्या प्रोग्रामला कोणकोणते भाग लागतात. नोंदणी, छपाई, तपासणी. तीनच नावं."

"तीनच भागांवर एवढा कारभार?"

"तीन मी लिहिते. बाकीचे आपोआप येतात." रेश्माला समजावून सांगायची हौस होती, तिनं खुर्ची पुढं ओढली. "म्हणजे बघा, लग्नाला तुम्ही तीन घरांना आमंत्रण दिलंत. पण ती तीन घरं आपापली माणसं घेऊन येतात, ती माणसं आणखी कुणाला घेऊन येतात. मांडवात शेवटी तीस जण असतात आणि त्यातल्या सत्तावीस जणांना तुम्ही बोलावलेलंच नसतं. नोंदणीला शीट वाचायला एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा तयार तुकडा, लागते. कुणीतरी लिहून लोकांना फुकट दिलेली असते ती. ती लायब्ररी नोंदणीबरोबर येते. मला तिचं नाव लिहावं लागत नाही."

"आणि तपासणीबरोबर?"

"सरांच्या भागालाही जुन्या याद्या वाचाव्या लागतात. तीच लायब्ररी, पण..." ती अडखळली. "पण सरांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलंय. तेव्हाची जुनी आवृत्ती."

तात्यांनी तिला थांबवलं. "म्हणजे एकाच नावाचे दोन पाव्हणे. एक म्हातारा, एक तरणा. दोघं मांडवात बसतात?"

"नाही. एकच राहतो. दुसऱ्याला बिल्ड परत पाठवतं."

"कुणाला?"

"ज्याचं नातं यजमानाला जवळचं, तो राहतो. लांबचा जातो."

"आणि हे दोघं किती लांब?"

रेश्मानं कीबोर्ड ओढला आणि एक आज्ञा दिली. पडद्यावर झाडासारखी वंशावळ उमटली, कोण कुणाबरोबर आलं त्याची. तिनं बोट ठेवलं. नोंदणीच्या खाली शीटची नवी आवृत्ती होती, आणि तिच्यापुढं शेरा होता की वाद आल्यामुळं हिला वगळलं. तपासणीच्या खाली जुनी आवृत्ती होती. ती आत बसली होती.

"अरे देवा," रेश्मा म्हणाली. "कोड माझा, पण शीट वाचतोय तो म्हातारा. जुन्या आवृत्तीला कोरा रकाना दिसला की ती अख्खी ओळच सोडून देते. मला माहीत होतं हे. म्हणूनच तर मी नवी घेतली होती! पण तात्या, दोघांचं अंतर सारखंच आहे. दोघंही दुसऱ्या पायरीवर. डिसेंबरात नवी का राहिली आणि आता जुनी का?"

"आमच्याकडं," तात्या सावकाश म्हणाले, "दोन सारखे पाव्हणे आले आणि पाट एकच असला, तर जो आधी दारात आला त्याला बसवतात. मागून आला तो कितीबी तरणा असो."

रेश्मानं पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं आणि भराभर पानं उलटली. एका परिच्छेदाशी येऊन ती थांबली. मग वर बघत म्हणाली, "अंतर सारखं असेल तर फाइलीत जो आधी लिहिलेला, त्याचा पाहुणा राहतो."

"मग बघ तुझी तीन नावं. आता कोण पहिला हाय?"

फाइल उघडली. तपासणी, नोंदणी, छपाई.

"मी तपासणी शेवटी लिहिली होती," रेश्मा म्हणाली. "नक्की आठवतं. नोंदणी पहिली होती."

दोघांनी एकदमच दाराकडं पाहिलं. दारात जैतू उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

७

"मीच केलं," जैतू म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "पूजेच्या आधी फाइल उघडली, तर सरांच्या भागाचं नाव सगळ्यात खाली. सर शेजारी बसलेले. मला बरं नाय वाटलं. लग्नाच्या पत्रिकेत बी मोठ्या माणसाचं नाव खाली घालत नाय कुणी. म्हणून वर घेतलं. तीन नावं खाली का वर, त्यात काय बदललं? म्हणून तर मी सगळ्यांना म्हणत व्हतो, मी काय बदललं नाय."

ज्ञानेश्वर आत येऊन उभे होते. ते आता ह्याच्यावर कडाडणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि त्यांनी तोंड उघडलंही. पण त्यांच्या नजरेसमोर बहुधा मामांचा फॉर्म असावा. ते नुसते म्हणाले, "मीही वर घेतलं असतं रे."

"लगेच खाली करतो," जैतू कीबोर्डकडं धावला.

"थांब," रेश्मानं त्याचा हात धरला. "खाली केलंस तर आज भागेल. उद्या दुसऱ्या कुणाला दुसऱ्या कुणाचा मान ठेवावासा वाटला तर? चूक तुझी नाही, जैतू. माझी आहे. मी यजमान असून पाहुण्यांच्या पाहुण्यांवर सगळं सोडून दिलं. कोणती आवृत्ती हवी हे मीच ठरवून माझ्या फाइलीत लिहायला हवं होतं. घरधन्यानं स्वतः बोलावलेला सगळ्यांत जवळचा. मग बाकीचे कुठल्याही क्रमानं येवोत."

तिनं तीन नावांच्या पुढं चौथं नाव लिहिलं. शीट वाचणारी लायब्ररी, नवी आवृत्ती. पुन्हा वंशावळ काढली. जुनी आवृत्ती वगळली गेली होती. सरांचा भाग पहिल्या जागी होता तसाच राहिला. डिसेंबरात तो नव्या आवृत्तीबरोबर नांदलाच होता, आताही नांदला.

बिल्ड झालं. छपाई सुरू झाली. पानं एकेक करून बाहेर येऊ लागली आणि रुपा त्यांवरची नावं मोजू लागली, ओठ हलवत. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवटचं पान आलं तेव्हा तिनं आकडा दोनदा वाचला.

"दोनशे चौदा."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौतीस वर्षांत त्यांनी किती पत्रं पोचवली असतील, पण एका दिवसात एकसष्ट माणसं पत्त्यावर पोचवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

ज्ञानेश्वर रुपापुढं आले. तापट माणसाला माफी मागणं जड जातं. त्यांनी दोनदा घसा खाकरला. "रुपा, मी काल जे बोललो ते चुकलं. तू एक जून ठोकली असतीस, तर आम्हाला हे कधी कळलंच नसतं. शुक्रवारी बसबरोबर तूच जायचं. मंडळाच्या वतीनं."

"जाते साहेब," रुपा म्हणाली. "पण मला कामावरनं काढलंय ना?"

"गप गं," ज्ञानेश्वर म्हणाले आणि यादी घेऊन फॅक्स करायला पळाले.

८

शुक्रवारी बस उंबरवाडीच्या खालच्या रस्त्याला लागली. अकरा माणसं काठ्या टेकत, एकमेकांचे खांदे धरत वाडीतून खाली उतरली. रुपा दारात उभी राहून नाव पुकारी आणि हात धरून एकेकाला चढवी. ऑपरेशनं त्याच दिवशी झाली. रात्रभर ती बायकांच्या वॉर्डात इकडून तिकडं फिरत होती. कुणाला पाणी हवं, कुणाला घराची आठवण, कुणी पट्टीला हात लावतंय.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी पट्ट्या सोडायला सुरुवात केली. तात्या शहापूरहून मुद्दाम आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. काशीची पट्टी निघाली. तिनं डोळ्याची उघडझाप केली, खिडकीकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं, मग समोर उभ्या असलेल्या मुलीकडं.

"तू कोण गो?"

"काशीमाय, मी रुपा."

काशी तिच्याकडं बघतच राहिली. हात लांब करून तिनं रुपाचा गाल, हनुवटी, वेणी चाचपली. आवाज ओळखीचा होता, चेहरा ती पहिल्यांदाच बघत होती.

"बाय माझे," ती म्हणाली, "तू तर येवढीशी पोर हायेस. मला वाटलं, येवढ्या धीरानं बोलते तर मोठी बाई असंल."

मंगळवारपासून एकदाही न रडलेली रुपा तिथंच, काशीच्या खाटेवर बसून, हमसून हमसून रडली. काशी आपल्या नव्या डोळ्यानं तिच्याकडं बघत होती आणि तिचे डोळे पुसत होती.